कन्फेशनच्या कपाटातला डबा

मी आयुष्यभर लोकांना भूल दिली. शिकलो नागपुरात, नोकरी केली ओहायोत. कुणाचं पोट, कुणाचा गुडघा, कुणाचं हृदय दुसऱ्या कुणीतरी उघडायचं असलं की त्या माणसाला आधी झोपवायचं आणि मग परत उठवायचं, हे माझं काम. रिटायर झालो आणि नातीच्या शाळेनं मला त्यांच्या वेलनेस कमिटीवर घेतलं. मुलांचं मनःस्वास्थ्य सुधारायचं होतं आणि कमिटीवर एखादा डॉक्टर असला तर बरं दिसलं असतं. मी मुख्याध्यापिकेला म्हटलं, माझा सगळा अनुभव माणूस बेशुद्ध असतानाचा आहे. तिला तो विनोद वाटला आणि मी कमिटीवर गेलो.

शाळा कॅथलिक. आम्ही हिंदू, म्हणजे बायको हिंदू आणि मी तिच्याबरोबर राहतो. मुलीनं आयरिश वंशाच्या एका मुलाशी लग्न केलं. जावई भला माणूस. मी जसा गणपतीच्या आरतीला प्रसादाच्या सुमारास पोचतो, तसा तो ख्रिसमस आणि ईस्टरला चर्चमध्ये पोचतो. नात झाली तेव्हा बारसं की बाप्तिस्मा यावर दोन्ही आज्यांनी गोड बोलून बरंच युद्ध केलं. शेवटी तह झाला, की मोठी झाल्यावर पोरगी स्वतःच ठरवेल. मग तिकडच्या आजीनं हळूच कॅथलिक शाळेचं प्यादं पुढे सरकवलं. माझ्या बायकोनं हरकत घेतली नाही, कारण ती पुण्याची, आणि ‘कॉन्व्हेंट’ म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे पांढरे मोजे आणि अचूक इंग्रजी व्याकरण उभं राहतं. ओहायोतल्या डब्लिनजवळची ही शाळा बघून ती जराशी खट्टू झाली. शाळेत एकही नन नव्हती. मुख्याध्यापिका पूर्वी बास्केटबॉलची कोच होती आणि गळ्यात अजून शिट्टी घालायची.

शाळेत दर महिन्याला एक मूल्य असायचं. सप्टेंबरात आदर, नंतर कृतज्ञता, मग संयम. त्याचं मोठं पोस्टर दारात लागायचं, सकाळच्या प्रार्थनेत त्याच्यावर दोन वाक्यं यायची, आणि महिना संपला की पोस्टर खाली यायचं आणि पुढच्या वर्षापर्यंत त्या मूल्यातून सगळ्यांची सुटका व्हायची. कमिटीनं त्यात भर म्हणून रोज सकाळी मुलांना टॅबलेटवर मूड विचारायला सुरुवात केली होती. हिरवा चेहरा म्हणजे मजेत, पिवळा म्हणजे ठीकठाक, लाल म्हणजे मदत हवी. मीटिंगमध्ये तो सगळा हिरवा रंग पडद्यावर दाखवला जायचा आणि आम्ही एकमेकांचं अभिनंदन करायचो.

कमिटीची अध्यक्षीण तीन मुलांची आई होती. पूर्वी वकिली करायची. उंच, तरतरीत, आणि बोलायला लागली की पूर्णविराम न घेणारी. दोन वाक्यांच्या फटीत शिरायला मी अनेकदा टपून बसलो, पण फटच मिळाली नाही. म्हणून मी डोळे मिटून ऐकायला लागलो. त्याचा लोकांनी काय अर्थ काढला ते पुढे येईलच.

त्या चर्चचे धर्मगुरू होते वसईचे. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी कळली तेव्हा मी उडालोच. मुख्याध्यापिकेनं ओळख करून दिली, मी इंग्रजीत हात पुढे केला, आणि समोरून चाळिशीतला एक सावळा माणूस पांढऱ्या कॉलरमधून म्हणाला, “नमस्कार काका, नागपूरचे ना तुम्ही? चेहऱ्यावर ऊन दिसतंय अजून.” त्यांचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. मी एका वाक्यात चार इंग्रजी शब्द घालतो, ते एकही घालायचे नाहीत. तेव्हापासून मी त्यांना फादर म्हणतो आणि ते मला काका म्हणतात. यात नेमकं कोण कोणाचं मोठं, हे दोघांनीही कधी तपासलं नाही. घरून सुकेळी, म्हणजे वसईची वाळवलेली केळी, आली की ते मला पाठवायचे आणि देवाबद्दल एक अक्षरही काढायचे नाहीत. म्हणून आमचं जमलं.

कमिटीतल्या माणसांनी मुलांमध्ये मिसळलं पाहिजे असं ठरलं, तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीतलं व्हॉलंटियरचं काम घेतलं. त्यासाठी आधी एक ट्रेनिंगचा व्हिडिओ बघावा लागतो. मोठ्या माणसानं मुलाबरोबर बंद जागेत एकटं बसायचं नाही, दार उघडं ठेवायचं, दुसऱ्या कुणाला दिसेल असं राहायचं, वगैरे. मी तो डोळे मिटून ऐकला. मग गळ्यात बिल्ला आला आणि मी मंगळवारी कॅफेटेरियात उभा राहून लहान पोरांना केचपच्या पुड्या फोडून द्यायला लागलो. इतकी वर्षं सुया टोचत आलेल्या हातांना पहिल्यांदाच लोक हसून थँक यू म्हणत होते.

नात तेव्हा आठवीत होती. मी तिला आधी विचारलं होतं, की मी येऊ ना, तुला लाज नाही ना वाटणार. ती म्हणाली, “इट्स फाइन, आबा.” ती इंग्रजीतच बोलते. मराठी तिला सगळं समजतं, पण ते ती आत ठेवते, बाहेर काढत नाही. पुढे तिचं बोलणं मी बहुतेक मराठीतच लिहितोय.

पहिल्या मंगळवारी ती कॅफेटेरियात दिसली नाही. मला वाटलं, लायब्ररीत असेल. दुसऱ्या मंगळवारीही नाही. लायब्ररीत डोकावलो तर तिथल्या बाईंना वाटत होतं की ती जेवायला गेली आहे. आणि कॅफेटेरियातल्या बाईंना वाटत होतं की ती लायब्ररीत आहे. दोन्हीकडे ती दुसरीकडे होती.

शाळा आणि चर्च एका बंदिस्त व्हरांड्यानं जोडलेले आहेत. त्या दिवशी पोरांचा गोंगाट असह्य झाला म्हणून मी जरा वेळ चर्चमध्ये जाऊन बसलो. दुपारी तिथे कुणी नसतं. मेणाचा, जुन्या लाकडाचा, कालच्या फुलांचा वास. आणि त्या सगळ्यांवर मात करून लसणाच्या चटणीचा. मी मान वळवून बघितलं. वास भिंतीला लागून असलेल्या कन्फेशनच्या जुन्या लाकडी कपाटातून येत होता. हे कपाट तीन दारांचं असतं. मधल्या खणात फादर बसतात, दोन्ही बाजूंच्या खणांत लोक गुडघे टेकून जाळीतून आपली पापं सांगतात. डावं दार किलकिलं होतं. आत माझी नात गुडघे टेकायच्या फळीवर मांडी घालून बसली होती आणि आजीनं दिलेलं थालीपीठ खात होती.

ती दचकली नाही. तिनं फक्त घास गिळला आणि म्हणाली, “आबा, प्लीज डोन्ट मेक इट अ थिंग.”

मी म्हटलं, बरं. मग मला काय करावं ते सुचेना. तिच्या खणात दुसऱ्याला जागा नव्हती, आणि माझे गुडघे फळीवर बसण्यातले राहिलेले नाहीत. मधल्या खणात मात्र चांगली गादीची खुर्ची होती. मी जाऊन तिथे बसलो. तिनं जाळीखालच्या फटीतून थालीपिठाचा तुकडा सरकवला.

तुला कुणी त्रास देतं का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली. चिडवतात का, तेही नाही. मग हळूहळू, जाळीतून, चेहरा दिसत नसल्यामुळे असेल, ती बोलली. आठवीतल्या मुलींचं कन्फर्मेशन जवळ आलं होतं. ते म्हणजे आपण खरंच कॅथलिक आहोत असं मुलांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचा समारंभ. त्यासाठी प्रत्येकीनं एका संताचं नाव घ्यायचं, कुणाला तरी सोबत उभं करायचं, पांढरा ड्रेस आणायचा. जेवणाच्या टेबलावर आठवडेच्या आठवडे तेवढंच चाललेलं. कोणता संत कूल आहे, कुणाचा ड्रेस कुठून. माझ्या नातीनं अजून काहीच ठरवलं नव्हतं, म्हणून तिला त्यात बोलायला काही नव्हतं. तिची सगळ्यात जवळची मैत्रीण उन्हाळ्यात टेक्ससला गेली होती. एक दिवस टेबलाशी खुर्ची कमी पडली, ती दुसरीकडे बसली, आणि दुसऱ्या दिवशी तिला कुणी बोलावलं नाही. एवढंच. भांडण नाही, रडारड नाही.

“त्या चांगल्या मुली आहेत,” ती म्हणाली. तिला त्यांच्याबद्दल राग नव्हता, त्यामुळे मलाही कुणावर रागावता येईना. आणि माझी तर तयारी झाली होती.

मी कुणालाही सांगितलं नाही. मंगळवारच्या जोडीला गुरुवारही मागून घेतला. शाळेला माझा उत्साह बघून भरून आलं. घरी बायकोला मी म्हटलं की पोरगी वाढत्या वयाची आहे, डब्यात दोन थालीपिठं जास्त घालत जा. ती खूश झाली. आम्ही जाळीच्या दोन बाजूंना बसून जेवायचो आणि काय वाटेल ते बोलायचो. ती मला ऑपरेशनच्या गोष्टी विचारायची. भूल चढता चढता लोक काय बोलतात, याचं तिला फार कुतूहल. मी नावगाव न सांगता सांगायचो. एक गृहस्थ बायकोऐवजी कुत्र्याचं नाव घेत झोपले, एका बँकवाल्यानं मला कर्ज मंजूर केलं. ती खुदकन हसायची. इतर दिवशी ती एकटी बसायची, हे मला ठाऊक होतं. त्या दिवसांत दुपारी मला घरी जेवण जायचं नाही.

मग लेंट सुरू झाला. लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपासाचे आठवडे. बाहेर बर्फ, आणि दर शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण, कारण शुक्रवारी मांस वर्ज्य. मासा हे मांस नव्हे, असं कॅथलिक लोक मानतात. नागपूरकर म्हणून मी त्यावर मत देत नाही. लेंटमध्ये लोकांना पापं आठवतात, म्हणून फादरनी मंगळवारी दुपारी कन्फेशनची जादा वेळ ठेवली. ही सूचना रविवारच्या पत्रकात छापून आली होती. रविवारचं पत्रक मी वाचत नाही.

आणखी एक गोष्ट मला माहीत नव्हती. मधल्या खुर्चीच्या गादीखाली बटण होतं. फादर बसले की दारावरचा दिवा लागायचा, म्हणजे बाहेरच्यांना कळायचं की आत कुणीतरी आहे, या. मी इतके आठवडे तो दिवा लावून थालीपीठ खात होतो.

त्या मंगळवारी उजवीकडचं दार उघडलं. कुणीतरी गुडघे टेकल्याचा आवाज झाला. मी तोंडात घास घेऊन थिजलो. मग खणखणीत आवाज आला, फादर मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. आमची अध्यक्षीण.

मी घास गिळायच्या धडपडीत होतो. घास मोठा होता. मी जोरात खाकरलो, म्हणजे तिला कळावं. तिनं ते फादरचं उत्तेजन समजलं. आणि सुरू झाली. तिला सगळ्याचा वीट आला होता. मुलांच्या भल्यासाठी बसणाऱ्या त्या कमिटीचा तर इतका, की दर मीटिंगच्या सकाळी तिला ताप यावा असं वाटायचं. मी हात जाळीवर टेकवला आणि “मॅडम” एवढं बोललो. माझं इंग्रजी आणि फादरचं इंग्रजी दोन्ही एकाच घाटावर धुतलेलं, आणि दोन भारतीय आवाज वेगळे ओळखण्याइतका ओहायोचा कान अजून तयार झालेला नाही. ती थांबली नाही.

“आणि तो रिटायर्ड डॉक्टर,” ती म्हणाली, “दर मीटिंगला झोपतो. फादर, मला त्याच्या अंगावर कॉफी ओतावीशी वाटते.”

घास एकदाचा उतरला. मी म्हटलं, “मॅडम, मी झोपत नाही. मी डोळे मिटून ऐकतो.”

डाव्या खणातून माझी नात हसायला लागली होती. पोट धरून, लाकडावर हात आपटत, श्वास न घेता. कित्येक महिन्यांत मी तिला तसं हसताना ऐकलं नव्हतं. अध्यक्षीण बाहेर आली, मी बाहेर आलो, हातात थालीपिठाचा तुकडा, आणि तेवढ्यात व्हरांड्यातून खरे फादर जांभळा पट्टा गळ्यात अडकवत घाईघाईनं आले. त्यांनी आमच्याकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, वास घेतला आणि मराठीत विचारलं, “काका, पापं संपली की अजून काही शिल्लक आहेत?”

अध्यक्षीण हसली नाही. आणि तिथून प्रकरण गंभीर झालं.

त्याच दुपारी मुख्याध्यापिकेच्या खोलीत आम्ही बसलो. ती, फादर, अध्यक्षीण, मी, नात, आणि ऑफिसातून बोलावून घेतलेली माझी मुलगी. मुख्याध्यापिकेनं शिट्टीशी चाळा करत मला नियम वाचून दाखवले. मोठा माणूस, लहान मुलगी, बंद दार, कुणालाही न दिसणारी जागा. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, ही माझी नात आहे, हिच्या जन्माच्या वेळी मी बाहेर उभा होतो, तुम्ही माझ्यावर काय संशय घेताय. माझा आवाज चढला.

माझी मुलगी हळू आवाजात मराठीत म्हणाली, “बाबा, त्यांचं बरोबर आहे.”

मी फादरकडे बघितलं. ते माझी बाजू घेतील असं मला वाटत होतं. त्यांनी घेतली नाही. तेही मराठीतच बोलले, बहुधा बाकीच्यांना कळू नये म्हणून. “काका, या दारांमागे आमच्याच लोकांनी लहान मुलांशी काय काय केलं आणि आम्ही किती वर्षं ते झाकलं, हे सगळ्या जगाला माहीत आहे. आज नातीचे आजोबा म्हणून तुम्हाला सूट दिली, तर उद्या कुणाला नाही म्हणू?” एरवी ते बोलताना थट्टेचा एक धागा असायचाच. त्या वेळी नव्हता. त्यांनी मला खोटं ठरवलं नव्हतं, आणि ते बरोबर होते. माझा बिल्ला मी गळ्यातून काढून टेबलावर ठेवला.

मग सगळे नातीकडे वळले. मुख्याध्यापिकेनं खूप मायेनं विचारलं, की डब्यातल्या भारतीय जेवणावरून कुणी काही बोललं का. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं की तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर तयार आहे. सांस्कृतिक भोजन दिवस, भिंतीवर झेंडे. नात म्हणाली, “नाही. चटणी सगळ्यांना आवडते. त्या माझी संपवायच्या. म्हणून आजी जास्त देते.” मुख्याध्यापिका थोडी निराश झाली.

मग तिनं कॉम्प्युटर फिरवून दाखवला. नातीनं रोज सकाळी हिरवा चेहरा दाबला होता. रोज. एकही पिवळा नाही. “तू आम्हाला सांगितलं का नाहीस?” ती म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

नात खांदे उडवून म्हणाली, “लाल दाबला की काउन्सेलर वर्गात येऊन बाहेर बोलावतात. सगळे बघतात. हिरवा दाबला की झालं. सगळेच हिरवा दाबतात.” मग तिनं असंही सांगितलं, की तिला कुणी काही केलेलं नाही, कुणी काहीच केलेलं नाही, आणि काहीच नसल्यासाठी टॅबलेटवर कुठलं बटणही नाही.

मग अध्यक्षीणच पहिल्यांदा बोलली, आणि तिचा आवाज कमिटीतला नव्हता. तिचा मधला मुलगा हायस्कूलला जायच्या आधी इथेच होता, तोही रोज हिरवा दाबायचा, आणि या हिवाळ्यात त्यानं घरात जवळजवळ बोलणं सोडलं होतं. ती दर मीटिंगमध्ये पडद्यावरचा हिरवा रंग बघत होती आणि घरी जाऊन त्याच्या बंद दाराबाहेर उभी राहत होती. तिला कमिटीचा वीट का आला होता ते आता कळलं. माझ्याकडे न बघता ती पुढे म्हणाली, की कॉफीबद्दलचं मात्र ती मागे घेत नाही.

कमिटीची पुढची मीटिंग मी हुकवली नाही. बिल्ला गेला होता, कमिटीतली खुर्ची नव्हती गेली. उत्साही लोकांनी योजना आणल्या. एकट्या मुलांसाठी मैत्रीचा बाक, पिवळी जाकिटं घातलेले जेवणमित्र. मी घरी येऊन नातीला हे सांगितलं तेव्हा ती उशीत तोंड खुपसून ओरडली. तिच्या आईनं शाळेला फोन करून सांगितलं, की जाकिटं नकोत.

घरी बायकोनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. मी बिल्ला घालवला म्हणून नव्हे, तर मला माहीत असून तिला सांगितलं नाही म्हणून. “मी पोरीचं वाढायचं वय म्हणून डबा भरत होते,” ती म्हणाली, “आणि ती तो देवळातल्या कपाटात बसून खात होती.” चर्चला ती देऊळच म्हणते.

मार्ग नातीनं स्वतःच काढला. शुक्रवारच्या माशांच्या जेवणासाठी आठवडाभर हॉलच्या स्वयंपाकघरात तयारी चालते. कोबी चिरायचा, बटाटे सोलायचे, पीठ कालवायचं. हे काम चर्चमधल्या साठी-ऐंशीच्या बायका करतात आणि त्यांच्या जिभा त्यांच्या सुऱ्यांपेक्षा धारदार आहेत. नातीनं फादरना विचारलं, की मी तिथे बसून जेवले तर चालेल का. दारं सताड उघडी, बायका भरपूर, सगळ्यांनी तो व्हिडिओ बघितलेला. फादर म्हणाले, चालेल, पण जेवून झाल्यावर हातात सुरी घ्यावी लागेल.

ती रोज तिथे जायला लागली. त्या बायका तिला कशी आहेस म्हणून विचारत नसत. त्यांना स्वतःच्या गुडघ्यांबद्दल आणि सुनांबद्दल इतकं सांगायचं असायचं, की विचारायला वेळच नव्हता. घरी येऊन ती आम्हाला त्यांच्या गोष्टी सांगायची. एक आजीबाई दर बटाट्याला एका माजी नवऱ्याचं नाव द्यायची आणि मग सोलायची. हळूहळू आणखी दोघीतिघी मुली यायला लागल्या. एक सहावीतली, एक तिच्याच वर्गातली, जिला ड्रेसच्या गप्पांचा कंटाळा आला होता. जिचं कन्फर्मेशन होणार होतं तीसुद्धा त्याला कंटाळू शकते, हे माझ्या नातीच्या लक्षात आलंच नव्हतं. तिला याचं फार आश्चर्य वाटलं.

माशांच्या जेवणाच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही सगळे हॉलमध्ये जेवायला गेलो. अध्यक्षिणीनं कमिटीचा राजीनामा दिला होता आणि ती माणसात आली होती. तिनं लॉटरीचे नंबर पुकारायचा माइक घेतला आणि आपल्या कन्फेशनची सगळी गोष्ट भरल्या हॉलला सांगितली, माझ्या घोगऱ्या आवाजाची नक्कल करून. म्हणून मी इथे ती लिहू शकतोय, नाहीतर कन्फेशनमध्ये ऐकलेलं बाहेर फोडलं म्हणून फादरनी मला जिवंत ठेवलं नसतं. लोक टेबलं बडवत होते. मला उठून वाकावं लागलं. तिचा मधला मुलगा कोपऱ्यात ताटल्या गोळा करत होता. तो हसत नव्हता, पण ऐकत होता. नंतर तिनं मला सांगितलं, की ते दोघं आता एका काउन्सेलरकडे जातात आणि परतताना गाडीत कधी बोलतात, कधी नाही.

मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला, या वेळी डोळे उघडे ठेवून, आणि वसंतात माझा बिल्ला परत मिळाला. शाळेनं टॅबलेटवरचे चेहरे बंद केले नाहीत. पण आता काउन्सेलर कुणाला वर्गातून बोलावत नाही. जेवणाच्या सुट्टीत ती स्वतःचा डबा घेऊन फिरते आणि कुठेही बसते. एकदा ती स्वयंपाकघरात नातीशेजारी बसली आणि म्हणाली की मी आज पिवळी आहे. नात म्हणाली, मीपण. मग दोघींनी कोबी चिरला.

कन्फर्मेशनला आम्हाला आमंत्रण होतं. नात तिच्या मैत्रिणींसाठी गेली आणि आमच्या रांगेत बसली. बिशप आले होते, मुली पांढऱ्या ड्रेसमध्ये एकेक करून पुढे जात होत्या आणि ते प्रत्येकीच्या कपाळाला पवित्र तेल लावत होते. मी तिच्या कानाशी विचारलं, तुला काय वाटतं. ती म्हणाली, “मी अजून ठरवलेलं नाही, आबा. पण तेल कपाळावर लावतात तेव्हा सगळ्या जरा घाबरलेल्या दिसतात. ते मला आवडलं.” पलीकडे तिकडची आजी डोळे पुसत होती, अलीकडे माझी बायकोही पुसत होती. दोघींची कारणं वेगळी होती आणि दोघींनीही ती सांगितली नाहीत.

आता ती पब्लिक हायस्कूलमध्ये जाते. तिथलं कॅफेटेरिया विमानतळाएवढं आहे. पहिल्या दिवशी दुपारी मी फोन हातात घेऊन बसलो होतो आणि बायको मला रागावत होती, की पोरीला उगाच छळू नकोस. शेवटी संध्याकाळी नातीचाच फोन आला. मी विचारलं, कुठे बसलीस जेवायला. ती म्हणाली की एका टेबलावर, काही पोरं होती, ओळख नाही अजून, उद्या बघू. आणि मग तिनं आजीला फोन दे म्हणून सांगितलं, कारण तिला लसणाच्या चटणीत नेमकं काय काय घालतात ते विचारायचं होतं.